आक्काला मी नटवलं

माझ्या नवऱ्याला हे माहीत नव्हतं. आईबाबा न कळताच गेले. माझ्या दोन्ही मुलींना वाटतं, आईचं सगळं आयुष्य आपल्याला तोंडपाठ आहे. त्यांनाही मी यातलं अवाक्षर सांगितलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि आता सांगितलं नाही, तर ते माझ्याबरोबरच जाईल म्हणून.

आधी एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी दुःखी बाई नाही. माझा संसार चांगला झाला. नवरा देवमाणूस मिळाला, मुली गुणी निघाल्या. आणि मला नटायला आवडतं. लहानपणी आवडायचं, आजही आवडतं. सकाळी अंघोळ झाली की पावडर, कुंकू, केसात काहीतरी फूल, एवढं झाल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पडत नाही. तुम्हाला वाटेल, या बाईने मनावर दगड ठेवून सगळं सोडलं असेल. नाही. काहीच सोडलं नाही. तेही कबूलच करते आहे.

माझं माहेर मालवणपासून दोन कोसांवर, खाडीच्या काठी. बाबांची माडांची बाग होती. आम्ही दोघी बहिणी. आक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. ती बाबांच्या वळणावर गेली होती, काळी. सावळी वगैरे म्हणून मी ते गोड करत नाही. मी आईच्या वळणावर, गोरी. घरी कुणी आलं की माझ्याकडे बघून म्हणायचं, "ह्या गोऱ्या चेडू कोणाचा गो?" आणि आक्का आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवायची. मला वाटायचं, जग असंच बनवलेलं आहे. कौतुक माझ्याकडे आणि तांब्या आक्काकडे.

माझी वेणी रोज आक्काच घालायची. अबोलीचे गजरे करून माझ्या केसात माळायची. स्वतःच्या केसात एखादं फूल खोचलं तर खोचलं.

पावडर म्हणजे तेव्हा आमच्याकडे मुंबईवाल्या बायकांची गोष्ट. छप्पन साल असेल. मामा मुंबईहून येताना माझ्यासाठी पावडरचा डबा आणि तोंडाला लावायच्या स्नोची बाटली घेऊन आला. आईने कपाळाला हात लावला, पण भावाला काय बोलणार? मालवणच्या शाळेत आम्हाला शिवण शिकवायला फिलोमिनाबाई होत्या. रविवारी चर्चला जाताना त्या फिकट निळा झगा घालायच्या आणि चेहरा असा नितळ दिसायचा, की लावलंय काय ते कळू नये. मी त्यांच्या मागे लागले. त्यांनी मला हसत हसत शिकवलं. स्नो अगदी बोटाच्या टोकावर, इतकासा. पावडर हातावर घ्यायची, ओल्या हाताने दाबून बसवायची, मग कोरड्या फडक्याने टिपून काढायची. गळ्याला आणि कानामागेही तेवढीच. "लावली असं दिसलं, तर चुकलं," त्या म्हणायच्या.

हे नीट लक्षात ठेवा. मला हे येत होतं. वर्षभर रोज मी आरशासमोर तेच करत होते.

तर — आक्काचं स्थळ आलं. ती बावीसची, मी सतराची. मुलगा कुणकेश्वरकडचा, प्राथमिक शाळेत मास्तर. मामानेच आणलेलं स्थळ. फाल्गुनातली दुपार, सुरंगी फुललेली. बाहेर अंगणातल्या खळ्यात, झावळ्यांच्या माटवाखाली पाहुणे बसलेले, आई चुलीपाशी, बाबा पाहुण्यांत. आत माजघरात आक्का आणि मी. आईने जाताजाता मला सांगितलं, "तू लाव तिका पावडर-बिवडर. तुका कळता."

आक्काने आईचं अंजिरी पातळ नेसलं होतं. डोळ्यांत काजळ घातलं होतं, सकाळी स्वतः केलेला सुरंगीच्या फुलांचा वळेसर केसात माळला होता. ती माझ्याकडे वळली. आणि मी बघतच राहिले.

कसं सांगू? आक्का सुंदर दिसत होती.

माझ्यासारखी नाही. माझं रूप म्हणजे नुसता रंग. तिच्या त्या काळ्या, तुकतुकीत चेहऱ्यावर काजळ घातलेले डोळे, खाली अंजिरी पदर, आणि मागे पिवळीधमक सुरंगी... सतरा वर्षं मी तिच्याबरोबर एका ताटात जेवत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. तिलाही ठाऊक नव्हतं. ती घाबरून विचारत होती, "बरी दिसतंय मगे गो?"

त्या क्षणी मला काय व्हायला हवं होतं? आनंद. दुसरं काय? बहीण होती माझी. पण आनंद नाही झाला. वाटलं, ही अशी बाहेर गेली तर आज सगळे हिच्याकडे बघतील. माझ्याकडे कुणी बघणार नाही. एवढंच. मोठं कारण काही नाही. मुलाला मी तोवर पाहिलंही नव्हतं. मला त्याच्याशी काही घेणं नव्हतं. मला फक्त घरातली दिसायला बरी ती मी, ही जागा सोडायची नव्हती.

मी म्हटलं, "बस हंय. माका लावूक दी."

स्नो मी बोटभर घेतला आणि तिच्या तोंडाला फासला. जाड, चिकट. त्यावर पावडर, कोरडीच. मूठ भरून. ओला हात लावला नाही. टिपून काढली नाही. गळा सोडला, कान सोडले. माजघरात उजेड कमी. खिडकीतून येणारा उजेड तिच्या पाठीवर होता. पण मला दिसत होतं. तिचा चेहरा माझ्या हाताखाली पांढराफटक होत गेला, गालावर राखेचे ढपले बसल्यासारखा. माझे हात थांबले नाहीत. उलट मी कपाळावर आणखी एक थर दिला.

"आरशात बघतंय," आक्का म्हणाली.

"नको गो, हललंस तर कुंकू पुसतला. एकदम झकास दिसतंस."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला. कुणी का ठेवू नये? मी तिची धाकटी बहीण. बाहेरून मामाची हाक आली आणि ती खाली मान घालून चहाचं तबक घेऊन निघाली.

मी दाराशी उभी राहून बघितलं. तेही सांगते — मी बघितलं.

माटवाच्या झावळ्यांतून ऊन पडत होतं, ते बरोबर तिच्या तोंडावर आलं. काळा गळा, काळे कान आणि मधे तो पांढरा मुखवटा. घामाने कपाळापासून नाकापर्यंत एक ओघळ आला होता.  मग मुलाची आत्या म्हणाली, "अगो, ह्या काय? चेडवाक पिठात लोळवून हाडलात काय?"

लोक हसले. सगळे नव्हेत, पण हसले. बाबांचा चेहरा पडला. आणि मग मुलाची आई उठली. आक्काच्या गालावरून तिने एक बोट ओढलं, ते सगळ्यांना दाखवलं आणि म्हणाली, "ह्याच्या खाली काय आसा ता तरी बघूया." गालावर बोटाची काळी रेघ उमटली. आक्का तबक धरून तशीच उभी. कप वाजत होते.

एकच माणूस खाली बघत होता. चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसत होता, पुसलेला पुन्हा पुसत होता. तो मुलगा.

मामाने मला खूण केली, पाणी आण. मी पाणी घेऊन गेले. त्या दिवशी मी तोंडाला काहीही लावलं नव्हतं. साधी वेणी, धुवट परकर-पोलकं. मुलाच्या आईने तांब्या घेता घेता माझ्याकडे नीट बघितलं.

पाहुणे गेल्यावर आई माझ्यावर धावून आली. "तुका कोणी सांगला इतकी फासूक?" मी रडायला लागले. आणि आक्का — जिने अजून तोंडही धुतलं नव्हतं ती आक्का — मधे पडली. "तिका बोलू नको गो आये. तिणा हौसेन लावल्यान. माझ्याच रंगाक ती शोभूक नाय."

तेव्हा सांगायचं होतं. सोपं होतं. एक वाक्य. मी आईच्या पदरात तोंड घातलं आणि रडत राहिले.

आठवड्याने मामा निरोप घेऊन आला. थोरली नको. पण धाकटी पसंत आहे. "धाकट्या साधा आसा," असं म्हणाले होते. "नट्टापट्टा नाय."

बाबा भडकले. "थोरल्या घरात आसताना धाकट्याचा? लोक काय म्हणतले?"  तिसऱ्या दिवशी बाबा पान खात बसले होते, तिथे आक्का जाऊन उभी राहिली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "बाबानू, होय म्हणान कळवा. घर चांगला आसा, मुलगो शिकलेलो. माझ्यापायी तिचा कित्या अडवतास?"

बाबा नाही म्हणत होते. मी मनात म्हणत होते, बाबा, होय म्हणा. चष्मा पुसणारा तो माणूस मला आवडला होता. मग काय करू? आवडला होता.

वैशाखात माझं लग्न झालं. आणि मला नटवलं कुणी? आक्काने. माझ्यासाठी ती मुद्दाम मालवणला फिलोमिनाबाईंकडे जाऊन पावडर कशी लावतात ते शिकून आली होती. माझ्यासारखं तुझं होऊ नये, म्हणाली. ओल्या हाताने तिने माझ्या गालावर पावडर दाबून बसवली, टिपली, गळ्याला लावली, कानामागे लावली. तिची बोटं माझ्या तोंडावरून फिरत होती आणि मी डोळे मिटून बसले होते. मी सुरेख दिसले. आजही तो फोटो भिंतीवर आहे.

कधी कधी मनात येतं — फिलोमिनाबाई तिला म्हणाल्या असतील का, अगं, तुझ्या बहिणीला येतं की हे सगळं, मीच तर शिकवलं? म्हणाल्या असतील. नसतीलही. मी दोघींपैकी कुणालाच विचारलं नाही.

सासरी सुरुवातीची दोन वर्षं मी पावडरचा डबा ट्रंकेत तळाशी ठेवला होता. "साधी" म्हणून पसंत झालेली मी. पण महाशिवरात्रीच्या जत्रेला निघताना एकदा सासूबाईच माझ्या खोलीत आल्या, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाल्या, "तुझ्याकडे ता पावडर आसा मां? माका पण इल्लाशी लाव गो." आक्काच्या गालावरून ओढलेलं तेच बोट आता माझ्यासमोर पदराशी चाळा करत होतं. मी लावली. इतकी बेताने लावली, की जत्रेत बायका त्यांना म्हणाल्या, आज तब्येत बरी दिसते तुमची. सासूबाई खूश. तेव्हापासून घरात डबा उघड्यावर आला. हळूहळू गावातल्या नवऱ्या मुली माझ्याकडे यायला लागल्या. मास्तरीणबाईंचा हात हलका, म्हणायच्या. तो हात किती जड पडू शकतो ते मला ठाऊक होतं.

आणि हे? हे तर फारच चांगले होते. त्यांना मी नटलेली आवडायची. मालवणला गेले की माझ्यासाठी काचेच्या बांगड्या, कधी कुंकवाची डबी आणायचे आणि देताना लाजायचे. लग्नाला चार-पाच वर्षं झाली असतील. दुपारी झोपाळ्यावर सुपारी कातरता कातरता सहज म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. त्या दिवशी मला आईची फार लाज वाटली होती. मी घरी म्हटलं होतं, मला थोरली चालेल. तोंड धुतल्यावर कशी दिसते ते बघू या की. डोळे फार चांगले होते तिचे. आई ऐकेना." मग माझ्याकडे बघून हसले. "पण बरं झालं. तू मिळालीस."

मीही हसले. सुपारीचं खांड तोंडात टाकलं. 

मला तुम्हाला खोटं सांगायचं नाही. त्यानंतर मी दिवसेंदिवस तळमळत राहिले असं काही झालं नाही. त्या संध्याकाळी मी भाकऱ्या केल्या, बांगडे तळले, धाकट्या मुलीला झोपवलं. आमचं चांगलंच चाललं होतं. आक्काच्या वाट्याचं घर आणि आक्काच्या वाट्याचा माणूस, त्यात मी सुखी होते. मनापासून सुखी होते. सगळ्यात अवघड सांगायला हेच आहे.

आक्काचं लग्न लांबलं. धाकटीचं आधी झालं म्हणजे थोरलीत काहीतरी खोट, असंच लोक धरून चालतात. तीन स्थळं पाहून गेली. प्रत्येक वेळी ती नुसतं तोंड धुऊन बाहेर आली. काजळ नाही, फूल नाही, काही नाही. शेवटी आरोंद्याच्या एका बिजवराशी लग्न झालं, तेव्हा ती सत्ताविसाची होती. त्याला पहिल्या बायकोची एक मुलगी होती, नली, चार वर्षांची. खाडीकाठची शेती, चार माड, दोन म्हशी. माणूस अबोल, पण आक्काशिवाय त्याचं पान हलायचं नाही.

पासष्ट-सहासष्टच्या मे महिन्यात मी मुलींना घेऊन आरोंद्याला चार दिवस राहायला गेले. आक्का थोडी भरली होती. हसत होती. नली तिच्या पदराला धरून फिरत होती, आई-आई करत. शेजारी लग्न होतं. नली माझ्यासमोर येऊन बसली. "मावशी, माका पावडर लाव मगे."

नलीचा रंग आक्कासारखाच. सावत्र मुलगी, पण बघणारा म्हणाला असता पोटचीच आहे.

"लाव गो तिका," आक्का भिंतीशी टेकून सुपात कोकमाची सोलं निवडत होती, तिथूनच म्हणाली. "गावातल्यो सगळ्यो नवऱ्यो तुझ्याच हाताखालसून जातत म्हणान ऐकलंय."

मी नलीचं तोंड हातात धरलं. मग सोडलं आणि डब्याचं झाकण नुसतं लावत-काढत राहिले.  नली म्हणाली, "मावशी, लावतंस मगे?" 

आक्काने सोलांचं सूप बाजूला ठेवलं. माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "आक्का, त्या दिवशी... तुका बघूक इल्ले तेव्हा..." एवढंच बोलले. पुढचं गळ्याशी आलं होतं. शपथेवर सांगते, आलं होतं. अजून एक श्वास, आणि मी बोलले असते.

आक्का म्हणाली, "अजून ताच धरून बसलंस? न्हान होतंस तू. तुका खंय काय येत होता तेव्हा!"

सुटायला तिने मला जणू दार उघडून धरलं होतं. मी बाहेर पडायचं की नाही, एवढंच माझ्या हातात होतं.

मी म्हटलं, "होय तर. माका काय येत होता!"

आक्का मान हलवून हसली आणि पुन्हा सूप मांडीवर घेतलं. मी डबा उघडला. मी नलीला ओल्या हाताने, हलकी, गळ्यापर्यंत नीट पावडर लावली. पोर गोड दिसत होती. सगळ्या मिळून आम्ही लग्नाला गेलो, जेवलो, गाणी म्हटली. त्या रात्री मला शांत झोप लागली.

फाल्गुनातल्या त्या दुपारचं मी म्हणेन, सतरा वर्षांची होते. म्हणेन कशाला, म्हणतेच मनात. पण आरोंद्याला मी सतरा वर्षांची नव्हते. दोन मुलींची आई होते. समोर माझी बहीण होती, वेळ होता, घाई नव्हती, कुणी माझ्यावर ओरडणार नव्हतं. आणि मी न केलेल्या चुकीची माफी घेतली आणि खरा गुन्हा तसाच घरी परत नेला.

तिला सगळं ठाऊक होतं का? ठाऊक असूनच ती तसं म्हणाली का? मी पुष्कळ वर्षं हे उलटंसुलटं करून बघितलं. ठाऊक असेल, तर तिने मला वाचवलं. नसेल, तर मी तिला पुन्हा एकदा फसवलं. दोन्हींत मी तीच राहते.

आक्का गेली तिला आता बरीच वर्षं झाली. तिचं आयुष्य वाईट गेलं नाही. नलीने शेवटपर्यंत केलं तिचं. माझ्या मुली सांगतात, मावशी किती समाधानी होती. होती. पण ते समाधान तिने स्वतः मिळवलं. त्यात माझं काही नाही.

मी तिला मुद्दाम कुरूप केलं. ती सुंदर दिसत होती म्हणून.